खाऱ्या पाण्याची मोठी मत्स्यटाकी : निवड, गाळणी आणि नळकाम

शेवगावहून मुंबईचा किनारा रस्त्याने तीनशे किलोमीटरांच्या आसपास पडतो. इकडे पाणी म्हटले की जायकवाडीचा फुगवटा, विहीर, बोअर नाही तर टँकर. अशा गावात खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचे नाव काढले तर लोक हसतील, असे काही वर्षांपूर्वी आम्हालाही वाटत होते. परंतु आता नव्या दवाखान्याचा प्रतीक्षाकक्ष, कापडाचे शोरूम, मंगल कार्यालय, हॉटेल अशा ठिकाणांहून विचारणा येऊ लागली आहे. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत कोठे तरी रंगीत मासे आणि खडकांचा देखावा पाहून येतो आणि म्हणतो, "आम्हाला तसेच पाहिजे, पण मोठे पाहिजे."

या एका कामात काचवाला, वेल्डर, सुतार, प्लंबर आणि वायरमन असे पाच कारागीर लागतात, आणि हे पाचही हुन्नर आपल्या लोकांच्या हातात आहेत. म्हणूनच हा विषय आम्ही या पानासाठी घेतला. मात्र गोल्डफिशची टाकी बनविणारा कारागीर समजतो की त्याच टाकीत मीठ घातले की झाले. तसे नाही. आम्हीही तसेच समजलो होतो आणि त्याची किंमत मोजली. ती हकिगत पुढे नळकामाच्या जागी सांगू.

प्रथम कायद्याची गोष्ट, कारण ती कळण्यापूर्वी बयाणा घेणे धोक्याचे आहे. प्रवाळ, म्हणजे समुद्रातील जिवंत पोवळ्यांचे खडक, हे भारतात संरक्षित आहेत. जुलै २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. समुद्रघोडा व समुद्रकाकडीही त्याच यादीत गेली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली, पण प्रवाळाचे संरक्षण कायम राहिले. या अनुसूचीतील प्राणी बाळगणे वा विकणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. प्रवाळ मेलेले असले, वाळून पांढरे झालेले असले तरी सुटका नाही. "माझ्या मामांनी कोकणातून आणलेला तुकडा आहे, तोच टाकीत ठेवा," असे सांगणारा गिऱ्हाईक आम्हाला भेटला आहे. आम्ही हात जोडले.

आपल्या राज्यात प्रवाळ नाहीतच असे नव्हे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर ते आहेत आणि तेथील सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. ज्याला जिवंत प्रवाळ पाहावयाचे त्याने मालवणला जाऊन पाण्यात डोके घालून पाहावे. आपण टाकीत जे मांडतो ते रीफसारखे दिसणारे रूप होय. खडक बनावट, प्रवाळ राळेचे रंगविलेले, आणि मासे मात्र खरे. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे आणि कोटेशनच्या कागदावर तसे लिहून द्यावे. "जिवंत कोरल देतो" असे सांगून ऑर्डर मिळविणारे आहेत. त्यांच्याशी बरोबरी करण्याच्या फंदात पडू नये. मासे घेतानाही बिल मागावे. शोभेच्या परदेशी माशांच्या आयातीला सरकारी परवाना आणि विलगीकरण लागते, तेव्हा कागद नसलेला माल स्वस्त का आहे हे न विचारताही समजते.

आता टाकीची निवड. नवखा गिऱ्हाईक म्हणतो, आधी लहान घेऊन पाहू. खाऱ्या टाकीत हा हिशोब उलटा आहे. पाणी कमी असेल तर एक मासा मेला, एक दिवस ऊन जास्त झाले, चार चमचे खाद्य जास्त पडले की पाण्याचा समतोल बिघडतो. पाणी जास्त असेल तर तीच चूक पचते. म्हणून चार फुटांखाली खारी टाकी करू नये असे आमचे मत आहे, आणि जागा असेल तर सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच हे माप सर्वांत सोयीचे. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. सहा गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे २४ घनफूट, अर्थात ६८० लिटर. वरचे दोन इंच रिकामे आणि खडक-वाळूने व्यापलेली जागा वजा करता प्रत्यक्ष पाणी ५७० लिटरांच्या घरात राहते.

उंची वाढविण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण उंच टाकी दारातून चांगली दिसते. पण काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, लांबीवर नाही. सहा फुटी टाकीत २२ इंच पाणी असता पुढच्या काचेवर एकूण सुमारे ३०० किलोचा रेटा येतो. तेच पाणी २८ इंच केले तर रेटा ४७० किलोंच्या पुढे जातो. अर्ध्या फुटासाठी दीडपटीहून अधिक जोर, त्यासाठी जाड काच, जास्त दाम. शिवाय तळ साफ करण्यास हात पोहोचत नाही तो नाहीच. पैसे असतील तर उंचीऐवजी रुंदीत घालावेत. अडीच फूट रुंदी मिळाली तर खडकांची मांडणी आणि माशांचे फिरणे दोन्ही सुधारते.

वजन हा विषय इंजिनिअरचा आहे, पण हिशोब कारागिराला आला पाहिजे. १२ मिलिमीटर काच चौरस मीटरला ३० किलो भरते. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीला पट्ट्यांसह सुमारे १३० किलो काच लागते. समुद्राचे पाणी लिटरला १.०२५ किलो, म्हणजे ५८० किलोंच्या वर. खडक-वाळू शंभर किलो, लोखंडी स्टँड ऐंशी किलो, खालची संपची टाकी पाण्यासह दीडशे. एक टनाच्या पुढेच गेले. हे सर्व बारा चौरस फूट जागेवर, म्हणजे चौरस फुटाला ८५-९० किलो. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोंच्या हिशोबाने, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलोंसाठी धरलेला असतो. याचा अर्थ वरच्या मजल्यावर टाकी होतच नाही असा नाही. बीमवर, कॉलमजवळ, भिंतीला लागून कदाचित होईल, पण ते इंजिनिअरने पाहून लिहून द्यावे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या माळवदावर मात्र मुळीच नाही. तळमजला, पक्का कोबा आणि त्याखाली भरीव जमीन हीच उत्तम जागा. खिडकीसमोरची जागा टाळावी. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते.

काचेबद्दल चार शब्द. सहा फूट लांबी आणि दोन फूट उंचीला वरच्या काठाने चारही बाजूंना पट्टी लावणार असाल तर १२ मिलिमीटर काच ठीक. टफन केलेल्या काचेला भोक पाडता येत नाही, पाडू गेल्यास ती चुरा होते. म्हणून ज्या काचेत नळ जावयाचा ती साधी फ्लोट काच असावी, आणि हिऱ्याच्या कोअर बिटने, पाणी सोडत, घाई न करता भोक पाडावे. भोकापासून काचेच्या कडेपर्यंत किमान भोकाच्या व्यासाएवढी काच सुटली पाहिजे. सिलिकॉन मत्स्यटाकीसाठीच असलेले घ्यावे. बाथरूमसाठी जे बुरशीरोधक सिलिकॉन मिळते त्यातील औषध माशांना विष आहे. दोन्ही ट्यूब दिसायला सारख्याच असतात, तेव्हा वाचून घ्यावे. मोठ्या टाकीचे सिलिकॉन पूर्ण सुकण्यास आम्ही आठवडा देतो. गिऱ्हाईक रोज फोन करतो, करू द्यावा.

स्टँडच्या बाबतीत वेल्डर बंधूंना एवढेच सांगणे की वजन पायांवरून सरळ जमिनीत उतरले पाहिजे, वेल्डिंगच्या टाक्यावर लटकता कामा नये. चौकोनी पाइप वापरून, वेल्ड घासून, त्यावर इपॉक्सी रंगाचे दोन हात द्यावेत. साधा ऑइल पेंट खाऱ्या दमटपणापुढे वर्षभरही टिकत नाही. वर प्लाय, प्लायवर अर्धा इंच थर्माकोल, मग टाकी. लेव्हल चारही बाजूंनी पाहावी. एका कोपऱ्यात पाव इंच फरक असला तरी पाणी भरल्यावर तो डोळ्यांत खुपतो आणि काचेला पीळ पडतो.

पाणी हा शेवगावकराचा खरा प्रश्न. बोअरचे पाणी जड, क्षारांनी भरलेले. नळाचे पाणी क्लोरिनचे, आणि तेही रोज येत नाही. यातले कोणतेही पाणी सरळ वापरता येत नाही. आर.ओ.मधून काढून पुढे डी-आय राळेच्या नळीतून न्यावे, म्हणजे टी.डी.एस. शून्याजवळ येतो. येथे एक गफलत नेहमी होते. घरगुती आर.ओ. मशीनमध्ये पाण्याला चव यावी म्हणून थोडे मूळ पाणी परत मिसळण्याचा स्क्रू असतो. तो पूर्ण बंद करावा, नाही तर पैसे खर्चूनही बोअरचेच पाणी टाकीत जाते. कार्यालयांच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी, पहिले दोन-तीन पाऊस सोडून, साठवून कोळशाच्या व डी-आयच्या गाळणीतून काढले तर तेही चालते.

आर.ओ. एक लिटर चांगले पाणी देताना दोन-तीन लिटर फेकते. पहिल्यांदा टाकी व संप मिळून पावणेसातशे लिटर लागतात, म्हणजे दीड ते दोन हजार लिटर पाणी बाजूला पडते. ते गटारात सोडू नये. लादी पुसणे, संडास धुणे यासाठी भरून ठेवावे. ज्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो त्या उन्हाळ्यात नवी टाकी भरून देण्यास आम्ही तयार नसतो. पावसाळ्यापर्यंत थांबा म्हणतो. काही गिऱ्हाईक थांबतात, काही दुसरीकडे जातात.

मिठाबद्दल. किराण्यातील मीठ हे एकच क्षार आहे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम आणि आणखी पुष्कळ काही असते. म्हणून समुद्रमिठाचे तयार मिश्रणच घ्यावे लागते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशोबाने, ओलावा धरून, पहिल्या भरणीला २४ ते २६ किलो लागेल. विशिष्ट गुरुत्व १.०२५ असावे. ते प्लास्टिकच्या तरंगत्या काट्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटरने मोजलेले बरे. मीठ वेगळ्या ड्रममध्ये, पंप लावून, रात्रभर विरघळवावे आणि मग टाकीत घालावे.

मिठागरात जे घडते तेच टाकीतही घडते. पाणी उडते, मीठ मागे राहते. उन्हाळ्यात अशी टाकी दिवसाला आठ-दहा लिटर पाणी सहज उडविते. ते भरून काढताना गोडे आर.ओ. पाणीच घालावयाचे. हे न समजून दर वेळी खारे पाणी ओतणाऱ्या एका गिऱ्हाइकाने तीन आठवड्यांत सारे मासे घालविले, आणि दोष माशांना दिला.

उष्णतेचेही असेच. या माशांना २५ ते २७ अंश हवे असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो. चिलर लागतोच. परंतु आपल्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे, तो किनाऱ्यावरच्या लोकांना नाही. एक लिटर पाणी उडताना सुमारे पाऊण युनिटाच्या जवळपास उष्णता घेऊन जाते. कूलर त्याच न्यायाने चालतो. टाकीच्या पृष्ठभागावर दोन लहान पंखे तिरपे लावले तर चिलरचे ओझे पुष्कळ हलके होते. पावसाळ्यात हवा ओली झाली की पंख्यांचा उपयोग कमी होतो, पण तेव्हा गरजही कमी असते. चिलर बंद कपाटात ठेवू नये. तो पाण्यातली उष्णता बाहेर टाकतो. कपाटात कोंडला तर तीच उष्णता परत संपमध्ये शिरते.

आता गाळणी. मासा खातो, विष्ठा टाकतो, त्यातून अमोनिया होतो, तो विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विष. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात चालते. हे जिवाणू भोकाभोकांच्या खडकात व वाळूत राहतात आणि त्यांची वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत पाणी आणि खडक, मासा नाही. उद्घाटनाची तारीख ठरवून बसलेल्या मालकाला हे पटविणे हे काच जोडण्यापेक्षा अवघड काम आहे. पण पहिल्याच दिवशी मासे सोडले तर आठव्या दिवशी काढावे लागतात.

खडक आपल्या गावात बनू शकतो, आणि गवंडी बंधूंनी याकडे लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते. पांढरे सिमेंट, शिंपल्यांचा किंवा संगमरवराचा जाड चुरा आणि खडे मीठ कालवून वाळूत पाडलेल्या खड्ड्यांत ओतावे. सुकल्यावर पाण्यात टाकले की मीठ विरघळून भोके पडतात. मात्र नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि पाण्याचा सामू वाढतो. म्हणून महिना-दोन महिने पाणी बदलत भिजवून, सामू मोजून, तो खाली आल्यावरच टाकीत घालावे. हा धंदा थंड डोक्याने केला तर पुण्यापर्यंत माल जाईल.

दुसरी गाळणी म्हणजे प्रोटीन स्किमर. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना वर फेसाबरोबर मळी येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात, हे आपल्या भागात कोणाला सांगावयास नको. स्किमर तेच काम थंड पाण्यात, बारीक बुडबुड्यांनी करतो. पाण्यातील चिकट घाण बुडबुड्यांना धरून वर येते आणि वरच्या कपात तपकिरी होऊन साठते. कप आठवड्यातून दोनदा धुवावा. गोड्या पाण्यात असा फेस धरत नाही, म्हणून गोल्डफिशवाल्यांना हे यंत्र माहीत नसते.

हे सारे ठेवण्यासाठी खाली संपची टाकी करावी. आमचे माप तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तीन कप्पे. पहिल्यात वरून येणारे पाणी कापडी पिशवीतून पडते. ही पिशवी तीन-चार दिवसांनी धुतली नाही तर तीच घाणीचे घर होते. दुसऱ्यात स्किमर. स्किमरला ठराविक उंचीचे पाणी लागते, तेव्हा पडदीची उंची स्किमर हातात आल्यावरच ठरवावी, आधी नाही. तिसऱ्या कप्प्यात परतीचा पंप. उडून जाणाऱ्या पाण्याची घट फक्त या शेवटच्या कप्प्यात दिसते, म्हणून तो अगदी अरुंद करू नये, नाही तर एका दुपारीच पंप कोरडा पडतो.

नळकामाकडे येऊ, आणि आमच्या चुकीकडेही.

गावातल्याच एका कापड दुकानात आम्ही वरील मापाची टाकी बसविली होती. ईदच्या आधीचे दिवस, दुकान मालाने भरलेले, काउंटरमागे जमिनीवर गठ्ठे. परतीच्या पाइपचे तोंड आम्ही पाण्याखाली पाच इंच ठेवले होते, म्हणजे वर खळखळाट होऊ नये. पंप बंद झाला की पाणी त्याच पाइपातून उलटे खाली येणार, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकला आणि निर्धास्त झालो. दोन महिने सर्व ठीक चालले. एका रात्री वीज गेली. व्हॉल्व्हच्या पडद्यात वाळूचे चार कण अडकले असतील, तो पूर्ण मिटला नाही. सहा बाय दोनच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर. पाच इंच म्हणजे १४१ लिटर. संपमध्ये रिकामी जागा होती ७४ लिटरांची. उरलेले सत्तर लिटर खारे पाणी जमिनीवर, गठ्ठ्यांखाली. पहाटे वीज आली, पंपाने संपमधले होते तेवढे पाणी वर चढविले, मग कोरडा फिरून तोही जळाला. सकाळी मालकाने शटर उघडले तेव्हा आम्हाला बोलाविले आणि एक शब्द न बोलता खाली बोट दाखविले. खाऱ्या पाण्याने भिजलेले कापड वाळवून विकता येत नाही, डाग राहतो. नुकसान आम्ही हप्त्यांनी भरून दिले.

व्हॉल्व्हचा दोष नव्हता, भरवसा ठेवणाऱ्याचा होता. तेव्हापासून आमची रीत अशी. परतीच्या पाइपचे तोंड पाण्याच्या पातळीपासून एक इंचाहून खाली नेत नाही, आणि पातळीच्या लगेच खाली पाइपला पाव इंचाचे भोक पाडतो, म्हणजे हवा शिरून उलटा ओघ तुटतो. ते भोक शेवाळाने बुजते, म्हणून दर पंधरवड्याला टाचणीने साफ करण्याचे काम देखभालीच्या कागदावर लिहून देतो. आणि भोक बुजले असे धरूनच संपची जागा मोजतो. एक इंचाचे २८ लिटर, ओव्हरफ्लोच्या पेटीतले व पाइपातले पंधरा-वीस लिटर, मिळून पन्नासच्या आत. संपमध्ये ७४ लिटर जागा असली की वीज कितीही वेळा गेली तरी जमीन कोरडी. ही पातळी संपच्या काचेवर लाल पट्टीने आखतो आणि मालकाला सांगतो, पंप चालू असता पाणी या रेघेच्या वर कधीही भरू नका.

खाली जाणारे पाइप दोन ठेवावेत. टाकीच्या मागच्या काचेत, आत काचेची पेटी करून, पेटीच्या वरच्या कंगव्यासारख्या काठावरून पाणी पेटीत पडावे. हा काठ तासाला दर २५० लिटरांना एक इंच या हिशोबाने ठेवतो. तासाला तीन हजार लिटर पाणी फिरवायचे तर बारा इंच. पेटीतून पहिला पाइप दीड इंची, तोंड पाण्याखाली, खाली गेट व्हॉल्व्ह लावून. व्हॉल्व्ह थोडा थोडा मिटत नेला की पाइप पूर्ण भरून वाहतो आणि गुरगुर थांबते. दवाखान्यात हा आवाज फार महत्त्वाचा. आजारी माणसाला गटाराचा आवाज ऐकवू नये. दुसरा पाइप तेवढ्याच किंवा मोठ्या मापाचा, तोंड पहिल्यापेक्षा उंच, एरवी कोरडा. पहिल्यात गोगलगाय किंवा पान अडकले तर पाणी याने जाते. या दुसऱ्या पाइपला व्हॉल्व्ह कधीही लावू नये. कोणी तरी तो एक दिवस बंद करतोच.

उतरत्या पाइपाला कोठेही चढ किंवा लांब आडवा तुकडा देऊ नये, आणि नव्वदच्या एल्बोऐवजी दोन पंचेचाळीसचे वापरावेत. यू.पी.व्ही.सी. पाइप, टँक कनेक्टर, दोन्ही बाजूंनी नव्हे तर एकाच बाजूने, म्हणजे कनेक्टरच्या कॉलरकडून, रबर वॉशर. पंपाजवळ आणि प्रत्येक व्हॉल्व्हजवळ युनियन टाकावी. पहिल्या दुरुस्तीला हे पैसे वसूल होतात. सॉल्व्हंट लावल्यावर चोवीस तास पाणी सोडू नये.

प्लंबर बंधूंना सर्वांत महत्त्वाची सूचना. जी.आय. पाइप, पितळी कॉक, तांब्याची नळी यांतले काहीही या पाण्याला लागू देऊ नका. तांबे अगदी थोडे उतरले तरी झिंगे, गोगलगायी यांसारखे कणाहीन जीव मरतात, आणि खारे पाणी पितळेतून तांबे उतरवितेच. नट-बोल्ट आणि क्लॅम्प प्लास्टिकचे वापरा.

पंप घेताना डब्यावरचा आकडा हा शून्य उंचीचा असतो. संपपासून टाकीच्या काठापर्यंत पाच फूट चढ आणि वळणे धरली की पाणी बरेच कमी पोहोचते. तासाला तीन हजार लिटर हवे असेल तर पाच हजारांच्या आसपासचा पंप पाहावा आणि त्याचा उंचीनिहाय तक्ता दुकानदाराकडे मागावा. टाकीच्या आतली लाट वेगळ्या दोन लहान पंख्यांच्या पंपांनी करावी. सगळे पाणी संपमधून फिरविण्याचा हट्ट नको.

वायरमनसाठी थोडके. तीस मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. असल्याशिवाय आम्ही टाकीत हात घालत नाही. प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्यापूर्वी खाली लोंबकळता वळसा घ्यावी, म्हणजे थेंब वायरवरून प्लगमध्ये न जाता जमिनीवर पडेल. इन्व्हर्टरवर दिवे आणि चिलर घालू नयेत. एक लाटेचा पंप घातला तरी मासे जगतात, कारण वीज गेल्यावर ते आधी प्राणवायूवाचून मरतात. १५० अँपिअर-अवरची बॅटरी अर्धीच वापरली तरी ४० वॉटचा पंप वीस तास चालतो.

मालकाला विजेचा आकडा आधीच सांगावा. दोन्ही प्रकारचे पंप, स्किमर आणि आठ तास दिवे मिळून दिवसाला साडेतीन युनिटांच्या आसपास. उन्हाळ्यात चिलर धरून सात-आठ. पंधरा दिवसांनी ६५-७० लिटर पाणीबदल, त्याला अडीच किलो मीठ. देखभालीचा करार टाकीच्या किमतीत न धरता वेगळा लिहावा. आमच्या अनुभवात नफा टाकीत थोडा आणि देखभालीत जास्त आहे. महिन्याकाठी ठरलेली मिळकत लहान कारागिराला मोठा आधार होतो.

माशांबद्दल जास्त लिहीत नाही. २००३ च्या 'फाइंडिंग नेमो' चित्रपटानंतर प्रत्येक मूल विदूषक मासा मागते, आणि तो मासा खरोखरच नवख्यासाठी चांगला आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास बंदिस्त टाक्यांत करून दाखविली आहे. असे पैदास केलेले मासे समुद्रातून धरलेल्यांपेक्षा टिकतात. मुंबईत कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारांत विचारणा करताना "पैदाशीचा की समुद्राचा" हा प्रश्न पहिला विचारावा. सहा फुटी टाकीला दहा-बारा लहान मासे पुष्कळ. ज्यांनी १९५१ मध्ये उभारलेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले आहे ते तेथील दाटीची अपेक्षा धरतात. पण तेथे समुद्र रस्त्यापलीकडे होता आणि सांभाळणारे सरकारी मत्स्यव्यवसाय खाते होते.

टाकी ताब्यात देण्यापूर्वी आमच्या अंगणात साध्या पाण्याने चार दिवस चाचणी होते. पहिल्या दिवशी अर्धी, दुसऱ्या दिवशी पूर्ण भरून, जोडांवर कोरडा कागद फिरवून पाहतो. तिसऱ्या दिवशी पंप चालू करून मुख्य पाइपात मुद्दाम कापड कोंबतो आणि दुसरा पाइप एकटा पाणी ओढतो की नाही ते पाहतो. चौथ्या दिवशी परतीच्या पाइपचे भोक बोटाने बुजवून वीज बंद करतो. असे तीनदा. तिन्ही वेळा पाणी संपच्या काठाखाली थांबले तरच पाइप सुटे करून टेम्पो बोलावितो. त्या कापड दुकानातील टाकीही याच रीतीने पुन्हा जोडली. मालकाने गठ्ठे मात्र आता फळीवर, जमिनीपासून सहा इंच वर ठेवले आहेत, आणि आम्हीही त्याला ते खाली ठेवा असे कधी म्हटलेले नाही.